नंदुरबार : सातपुडा आणि तापीच्या प्रदेशाची ओळख

महाराष्ट्राच्या नकाशावर अगदी वायव्येच्या टोकाला, जेथे गुजरात आणि मध्य प्रदेश या दोन्ही राज्यांच्या सीमा येऊन भिडतात, तेथे नंदुरबार जिल्हा वसलेला आहे. उत्तरेला नर्मदा, मध्यभागी सातपुड्याच्या रांगा आणि दक्षिणेला तापीचे सुपीक खोरे अशी या भूमीची रचना आहे. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी असे त्याचे सहा तालुके असून अक्राणी तालुक्याचे मुख्य ठिकाण धडगाव हे आहे. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १६,४८,२९५ असून त्यापैकी सुमारे ६९ टक्के लोक आदिवासी आहेत. राज्यातील दुसऱ्या कोणत्याही जिल्ह्यात आदिवासींचे प्रमाण इतके मोठे नाही.

वर्तमानपत्रांतून नंदुरबारचे नाव बहुधा कुपोषण, बालमृत्यू किंवा विस्थापन यांच्या संदर्भातच वाचावयास मिळते. या बातम्या खोट्या नाहीत. परंतु केवळ त्यांच्यावरून एखाद्या प्रदेशाची ओळख करून घेणे म्हणजे घरातील माणसांना न भेटता फक्त त्यांच्या आजारपणाची चौकशी करून परत फिरण्यासारखे आहे. नाशिक धर्मप्रांताच्या कार्यक्षेत्रात येणाऱ्या या जिल्ह्याला भेट देऊ इच्छिणाऱ्या भाविकांना, युवक-युवतींना व शिक्षकांना येथील इतिहास, संस्कृती आणि शिक्षण यांची साकल्याने माहिती व्हावी, हा या लेखाचा उद्देश आहे.

प्राचीन नगरी

नंदुरबार हे खानदेशातील अतिप्राचीन शहरांपैकी एक मानले जाते. नंद गवळी नावाच्या राजाने ते वसविले व त्याच्यावरून शहराला हे नाव मिळाले, अशी लोकपरंपरा आहे. इतिहासाच्या लिखित साधनांत या नगरीचा ठळक उल्लेख चौदाव्या शतकात आढळतो. मोरोक्कोचा जगप्रसिद्ध प्रवासी इब्न बतूता हा १३४२ च्या सुमारास दौलताबादहून खंबायतकडे जाताना येथे थांबला होता. येथे मराठे लोकांची वस्ती असून ते कारागिरीत निपुण आहेत, वैद्य व ज्योतिषी म्हणून त्यांची ख्याती आहे, त्यांच्या आहारात तांदूळ, भाजीपाला व तिळाचे तेल असते, असे वर्णन त्याने करून ठेविले आहे. सुमारे पावणेसातशे वर्षांपूर्वी एका परकीय प्रवाशाने मराठी माणसाच्या ताटाची अशी नोंद घ्यावी, ही मोठी मौजेची गोष्ट आहे.

पुढे गुजरातचे सुलतान आणि खानदेशचे फारुकी राजे यांच्या ताब्यात हे शहर आलटून पालटून राहिले. अकबराच्या काळात नंदुरबार हे माळवा सुभ्यातील एका सरकारचे, म्हणजे महसुली विभागाचे, मुख्य ठिकाण होते. सतराव्या शतकात सुरत बंदराकडे जाणाऱ्या व्यापारी मार्गावरील ही भरभराटीची पेठ होती. येथील खरबुजे व द्राक्षे नावाजलेली होती. १६६६ मध्ये येथे इंग्रजांची वखार होती व १६७० मध्ये अहमदाबादेतील आपला व्यापार त्यांनी येथे हलविला. मराठेशाहीच्या अखेरच्या धामधुमीत या वैभवाला उतरती कळा लागली आणि १८१८ मध्ये इंग्रजी अंमल सुरू झाला तेव्हा शहर निम्मेअधिक ओसाड झालेले होते. सुरत ते भुसावळ हा तापी खोऱ्यातील लोहमार्ग आल्यानंतर येथील बाजारपेठेने पुन्हा उभारी धरली.

१९०६ मध्ये खानदेशचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे करण्यात आले, तेव्हा नंदुरबारचा समावेश पश्चिम खानदेशात झाला. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्याची स्थापना होताना याच भागातील दीडशेहून अधिक गावे गुजरातेत गेली. त्यामुळे राज्याची सीमा येथे अनेक कुटुंबांच्या नातेसंबंधांमधून गेलेली आहे. तिचे सर्वांत बोलके प्रतीक म्हणजे नवापूरचे रेल्वे स्थानक होय. या स्थानकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे.

बालहुतात्म्यांचे शहर

नंदुरबारला येणाऱ्या प्रत्येकाने शहराच्या मध्यवस्तीतील हुतात्मा स्मारकापाशी काही क्षण उभे राहावे. ९ सप्टेंबर १९४२ रोजी, 'चले जाव' चळवळीला एक महिना पूर्ण होत असताना, येथील शाळकरी मुलांनी तिरंगा हाती घेऊन मिरवणूक काढली. पोलिसांनी केलेल्या गोळीबारात शिरीषकुमार मेहता हा पंधरा वर्षांचा मुलगा ध्वज हाती असतानाच धारातीर्थी पडला. त्याच्यासमवेत लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा या मुलांनीही प्राणार्पण केले. या पाच नावांतून शहराचे स्वरूप आपोआप प्रकट होते. घरी गुजराती बोलणारी आणि मराठी बोलणारी मुले एकाच ध्वजाखाली एकत्र आली होती.

स्वातंत्र्यलढ्याचा हा इतिहास शहरापुरता मर्यादित नव्हता. तळोदा परिसरात १९३० च्या दशकात गुला महाराज यांनी आदिवासी समाजात जागृतीची मोठी लाट निर्माण केली. दारू सोडा, स्वच्छ राहा, एकमेकांना आदराने 'आप' म्हणा, अशी त्यांची शिकवण होती. त्यामुळे ही चळवळ 'आप' या नावाने ओळखली गेली. १९३८ मध्ये त्यांच्या निधनानंतर त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी ती पुढे चालविली. १९४३ मध्ये तळोदा तालुक्यातील रावलापाणी येथे या चळवळीच्या अनुयायांवर गोळीबार झाला व अनेकांना मृत्यू आला. शिरीषकुमारचे नाव पाठ्यपुस्तकांतून महाराष्ट्राला माहीत झाले, परंतु रावलापाणीचे नाव आजही जिल्ह्याबाहेर फारसे कोणाला ठाऊक नाही. पाहुण्यांनी ही दोन्ही ठिकाणे एकाच श्रद्धेने लक्षात ठेवावीत.

या परंपरेतील पुढचा दुवा म्हणजे शहादा तालुक्यातील अंबरसिंग महाराज यांचे कार्य होय. भजनाच्या माध्यमातून लोकांमध्ये मिसळणाऱ्या या कार्यकर्त्याने गहाण पडलेल्या व हातातून गेलेल्या आदिवासींच्या जमिनींचा प्रश्न हाती घेतला. १९७२ मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली व शहाद्याचा लढा साऱ्या देशात चर्चिला गेला. दारूच्या गुत्त्यांविरुद्ध येथील आदिवासी स्त्रिया पुढे सरसावल्या, हे त्या लढ्याचे विशेष अंग होते. आदिवासींच्या जमिनी परत मिळवून देण्यासंबंधीचा कायदा महाराष्ट्रात १९७४ मध्ये झाला. त्याच वर्षी अंबरसिंग महाराजांचे निधन झाले.

तीर्थे, यात्रा आणि बाजार

नंदुरबारहून शहाद्याकडे जाताना तापीच्या काठी प्रकाशा हे गाव लागते. तापी आणि गोमाई या नद्यांच्या संगमावरील हे तीर्थ 'दक्षिण काशी' म्हणून प्रसिद्ध असून येथील केदारेश्वर व संगमेश्वर ही मंदिरे भाविकांची श्रद्धास्थाने आहेत. बारा वर्षांनी येणाऱ्या सिंहस्थ पर्वणीला येथे मोठी गर्दी लोटते. मंदिरांपेक्षाही जुना असा या गावाचा एक वारसा आहे. १९५४-५५ मध्ये पुरातत्त्वज्ञ बी. के. थापर यांच्या मार्गदर्शनाखाली येथील टेकाडाचे उत्खनन झाले आणि ताम्रपाषाण युगापासूनच्या मानवी वस्तीचे अवशेष उजेडात आले. म्हणजे तापीच्या या काठावर तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच माणसांनी संसार मांडला होता.

शहादा तालुक्यातच सारंगखेडा येथे मार्गशीर्ष महिन्यात दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा भरते. या यात्रेतील घोड्यांचा बाजार देशभर प्रसिद्ध आहे. निरनिराळ्या राज्यांतून व्यापारी व शौकीन येथे उत्तम जातीचे घोडे घेऊन येतात.

सातपुड्याच्या माथ्यावरील तोरणमाळ हे थंड हवेचे ठिकाण अकराशे मीटरहून अधिक उंचीवर आहे. येथील यशवंत तलाव, सीताखाई आणि गोरक्षनाथांचे स्थान प्रेक्षणीय आहे. महाशिवरात्रीला गोरक्षनाथांच्या यात्रेसाठी दऱ्याखोऱ्यांतील आदिवासी कुटुंबे पायी चालत येतात. त्याहूनही उंच असलेल्या अस्तंबा शिखराची यात्रा दिवाळीत होते. मस्तकावरील जखमेसाठी तेल मागत फिरणाऱ्या चिरंजीव अश्वत्थाम्याचे हे निवासस्थान, अशी श्रद्धा आहे. नंदुरबार, तळोदा आणि गुजरातमधील तरुण रात्रीच्या वेळी ही अवघड चढण चढतात.

नंदुरबार शहरातील गणेशोत्सवालाही मोठी परंपरा आहे. येथे घडविल्या जाणाऱ्या गणेशमूर्ती गुजरात व मध्य प्रदेशात जातात. विसर्जनाच्या दिवशी दादा गणपती आणि बाबा गणपती या मानाच्या रथांची होणारी 'हरिहर भेट' पाहण्यासाठी नागरिकांची दाटी होते.

सातपुड्याची होळी

जिल्ह्याच्या संस्कृतीचे खरे हृदय मात्र डोंगरातील पाड्यांवर धडधडते. भिल्ल, पावरा, गावित किंवा मावची, कोकणा, तडवी, वसावे अशा विविध समाजांची येथे वस्ती आहे. प्रत्येकाची बोली, पोशाख व चालीरीती यांत फरक आहेत. याहामोगी माता ही त्यांची कुलदेवता असून अक्कलकुवा तालुक्यातील दाब हे गाव अनेक समाज आपले मूळस्थान मानतात.

या सर्वांना एकत्र बांधणारा सण म्हणजे होळी होय. होळीपूर्वीच्या आठवड्यात भरणाऱ्या भोंगऱ्या बाजारात सणाची खरेदी होते आणि ढोल-बासरीच्या निनादात तरुणाई नाचते. एकेका गावाची होळी वेगवेगळ्या दिवशी पेटते. त्यामुळे आप्तेष्टांना एकमेकांच्या होळीस जाता येते. यांत सर्वाधिक मान अक्कलकुवा तालुक्यातील काठी येथील राजवाडी होळीचा. काठी हे पूर्वी मेवासी संस्थानांपैकी एक होते. जंगलातून आणलेला उंच बांबू लोक हातांनी उभा करतात, रात्रभर नृत्य चालते आणि पहाटे होळी प्रज्वलित होते. मोरपिसांचे टोप, कमरेला दुधी भोपळे व घुंगरू, अंगावर राखेची व रंगांची नक्षी अशा वेषातील बावा व बुध्या हे या उत्सवाचे वैशिष्ट्य आहे.

ही वेषभूषा केवळ करमणुकीसाठी नसते, हे पाहुण्यांनी ध्यानात घ्यावे. बावा किंवा बुध्या होणारा मनुष्य नवस बोललेला असतो. कित्येक दिवस तो 'पाळणी' पाळतो, म्हणजे खाटेवर झोपत नाही, खाण्यापिण्याचे व वागणुकीचे कडक नियम पाळतो. आपण उपवासकाळात जसा संयम पाळतो, त्याच जातीचे हे व्रत आहे. अलीकडे या होळीला कॅमेरे घेऊन येणाऱ्यांची संख्या वाढली आहे. व्रतस्थ माणसाच्या तोंडासमोर कॅमेरा धरण्यापूर्वी त्याची परवानगी विचारणे, स्त्रियांची छायाचित्रे न विचारता न काढणे आणि रात्रीच्या विधीत अडथळा न आणणे, एवढे सौजन्य प्रत्येकाने दाखविलेच पाहिजे.

शेती, खाणे आणि रोजगार

तापीच्या खोऱ्यात ऊस, केळी, कापूस, पपई व मिरची पिकते. नंदुरबारची मिरची बाजारपेठ राज्यात नावाजलेली आहे. हिवाळ्यात शहराबाहेरील 'पथारी' नावाच्या मोकळ्या मैदानांवर लाल मिरची वाळत घातलेली असते आणि त्या रंगाने सारा माळ उजळून निघतो. नवापूरच्या तुरीच्या डाळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. धडगाव परिसरात उन्हाळ्यात कैऱ्या सोलून, चिरून, वाळवून आमचूर केला जातो. मोहाची फुले, चारोळी व सीताफळ या वनोपजांवर अनेक घरांची चूल अवलंबून असते.

डोंगराळ भागातील जमीन मात्र उताराची व पावसावर विसंबलेली आहे. खरीप आटोपला की असंख्य कुटुंबे ऊसतोडणी व इतर मजुरीसाठी गुजरातेत व अन्यत्र स्थलांतर करतात. पाड्यावर मागे राहतात ती वृद्ध माणसे. लहान मुले बहुधा आईवडिलांबरोबर निघून जातात आणि त्यांचे शाळेचे वर्ष मध्येच तुटते. आरोग्य आणि शिक्षण या दोन्ही प्रश्नांची मुळे या एका वास्तवात आहेत.

नर्मदेच्या काठावरील गावांची कहाणी याहून वेगळी आहे. सरदार सरोवर प्रकल्पामुळे अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील ३३ गावे बाधित झाली. मणिबेली हे बुडिताचा पहिला फटका बसलेले महाराष्ट्रातील गाव होय. पुनर्वसन होऊन लोक सपाटीवर आले, परंतु नदी, जंगल, देवस्थाने आणि पूर्वजांच्या खुणा यांना पुनर्वसन लाभत नाही.

शिक्षणाची वाटचाल

२०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याचे साक्षरतेचे प्रमाण ६४.३८ टक्के होते. त्याच वेळी राज्याचे प्रमाण ८२ टक्क्यांहून अधिक होते. राज्यातील सर्व जिल्ह्यांत नंदुरबार शेवटच्या क्रमांकावर होता आणि स्त्रियांचे प्रमाण तर ५६ टक्क्यांच्या आसपास होते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने जे 'आकांक्षित जिल्हे' निवडले, त्यांत महाराष्ट्रातील चार जिल्ह्यांमध्ये नंदुरबारचा समावेश झाला.

तथापि शिक्षणाची तळमळ येथे नव्हती असे नाही. नंदुरबार येथील जी. टी. पाटील महाविद्यालयाने पिढ्यान्‌पिढ्या पदवीधर घडविले. शहादा येथे सहकार व शिक्षण क्षेत्रातील नेते पी. के. अण्णा पाटील यांच्या पुढाकाराने पूज्य साने गुरुजी विद्या प्रसारक मंडळाचे मोठे शैक्षणिक संकुल उभे राहिले. अक्कलकुवा येथील जामिया इस्लामिया इशाअतुल उलूम ही मुस्लिम समाजाची संस्था धार्मिक शिक्षणाबरोबर व्यावसायिक शिक्षणासाठीही सर्वदूर ओळखली जाते. उच्च शिक्षणासाठी हा जिल्हा जळगावच्या विद्यापीठाशी जोडलेला आहे. १९९० मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाला २०१८ मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. २०२० मध्ये नंदुरबार येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. डॉक्टरांची सतत वाण असलेल्या जिल्ह्यात डॉक्टर घडू लागावेत, ही घटना साधी नाही.

डोंगरातील मुलांसाठी आदिवासी विकास विभागाच्या नंदुरबार व तळोदा या दोन प्रकल्पांमार्फत आश्रमशाळा चालविल्या जातात. नर्मदाकाठच्या गावांत १९९० च्या दशकाच्या आरंभी नर्मदा बचाव आंदोलनाने 'जीवनशाळा' सुरू केल्या. गावातील तरुणांनीच शिक्षक व्हावे आणि मुलांच्या बोलीतून धडे द्यावेत, ही त्यामागील कल्पना होती.

येथे शिक्षणाच्या मुळाशी असलेला प्रश्न समोर येतो. पावरी, मावची, वसावी किंवा भिलोरी बोलणारे सहा वर्षांचे मूल शाळेत येते, तेव्हा प्रमाण मराठी ही त्याच्यासाठी जवळजवळ परकी भाषा असते. शिक्षकाचे बोलणे त्याला कळत नाही, त्याचे बोलणे शिक्षकाला कळत नाही. मूल गप्प बसते आणि त्या गप्प बसण्याला 'मंदपणा' असे नाव मिळते. लाखो लोक बोलत असूनही भिलीला संविधानाच्या आठव्या अनुसूचीत स्थान नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्राथमिक शिक्षण शक्यतो मातृभाषेतून देण्याचा पुरस्कार केला आहे. त्याची खरी कसोटी धडगाव व मोलगीच्या पाड्यांवरच लागणार आहे. बोली जपली तर मुलाला मराठीचा जिना चढणे सोपे जाते, असा अनेक शिक्षकांचा अनुभव आहे. शहादा तालुक्यातील कवी वाहरू सोनवणे यांनी आपल्या 'गोधड' या संग्रहातून आदिवासींचा आवाज मराठी साहित्यात पोहोचविला. या बोलींमध्ये किती सामर्थ्य दडलेले आहे, याचा तो पुरावा आहे.

ख्रिस्ती समाजाचे कार्य

विसाव्या शतकाच्या प्रारंभी स्कँडिनेव्हियातून आलेल्या प्रोटेस्टंट मिशनऱ्यांनी पश्चिम खानदेशात शाळा, वसतिगृहे व दवाखाने सुरू केले. नंदुरबारचे एस. ए. मिशन हायस्कूल हा त्याच परंपरेचा वारसा आहे. नवापूर तालुक्यातील चिंचपाडा येथील ख्रिस्ती रुग्णालय १९४२ पासून गोरगरिबांची शुश्रूषा करीत आहे. नवापूर परिसरात ख्रिस्ती मंडळ्यांची संख्या लक्षणीय असून मावची बोलीतील भक्तिगीते तेथील उपासनेत ऐकावयास मिळतात.

कॅथलिक समाज संख्येने लहान आहे. १५ मे १९८७ रोजी पुणे धर्मप्रांताचे विभाजन होऊन नाशिक धर्मप्रांत स्थापन झाला आणि महागुरू थॉमस भालेराव, ये. स. हे त्याचे पहिले महागुरू झाले. त्यांनी २००७ पर्यंत ही धुरा वाहिली. नंदुरबार येथे येशूसंघीय धर्मगुरूंच्या जनसेवा मंडळाने पाणलोट क्षेत्र विकास, शेती व बचत गट या मार्गांनी ग्रामीण समाजाची सेवा केली आहे. पाणी अडविले तर शेत पिकते, शेत पिकले तर स्थलांतर थांबते आणि स्थलांतर थांबले तर मूल शाळेत टिकते. जमिनीतील ओल आणि शाळेचा हजेरीपट यांचे हे नाते येथे काम करणाऱ्या सर्वांना अनुभवाने उमगलेले आहे.

भेटीला येणाऱ्यांसाठी

सुरत-भुसावळ लोहमार्गावरील नंदुरबार स्थानक व धुळ्याहून येणारा रस्ता हे येथे पोहोचण्याचे मुख्य मार्ग आहेत. तळोद्याहून चांदसैली घाटाने धडगावला आणि अक्कलकुव्याहून देवगोई घाटाने मोलगीला जाता येते. पावसाळ्यात हे घाट नयनरम्य असले तरी दरडींमुळे धोक्याचे ठरू शकतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ प्रवासास सर्वांत सुखकर असतो. उन्हाळ्यात तापीच्या खोऱ्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो.

शक्य असल्यास एखाद्या स्थानिक शिक्षकाला किंवा कार्यकर्त्याला सोबत घ्यावे. पाड्यावर गेल्यावर आधी गावच्या वडीलधाऱ्यांना भेटावे. मुलांना गोळ्या-बिस्किटे वाटून निघून जाण्यापेक्षा त्यांच्या शाळेच्या ग्रंथालयाला पुस्तके द्यावीत, आठवडे बाजारातून आमचूर, मिरची, डाळ यांची थेट खरेदी करावी. त्याचा उपयोग अधिक दिवस टिकतो.

२९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातील टेंभली या छोट्याशा गावात तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत देशातील पहिल्या आधार क्रमांकाचे वितरण झाले. त्या दिवशी भारताच्या ओळखपत्राची सुरुवात नंदुरबारच्या मातीतून झाली. या जिल्ह्याची स्वतःची ओळख मात्र एखाद्या क्रमांकात मावणारी नाही. ती प्रकाशाच्या टेकाडात, माणिक चौकातील स्मारकात, काठीच्या होळीत आणि आपल्या बोलीतून पहिले अक्षर गिरविणाऱ्या मुलाच्या पाटीवर आहे. ती समजून घेण्यासाठी सवडीने या आणि ऐकण्याची तयारी ठेवून या. सातपुड्याची माणसे पाहुण्याला पाण्याचा तांब्या दिल्याशिवाय परत पाठवीत नाहीत.